मालेगाव मध्यची मतं आणि भीतीचं ‘नाटक’

२०२४ चा लोकसभा निकाल जुना झाला, पण नाशकातल्या सोसायट्यांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, योगवर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज काही मरत नाही. कुठल्याही निवडणुकीचं वारं सुटलं की तो पुन्हा वर येतो. त्याचं सार असं: धुळे मतदारसंघात सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप १ लाख ९० हजार मतांनी पुढे होता. एकट्या मुस्लीमबहुल मालेगाव मध्यने १ लाख ९४ हजारांचा फटका दिला आणि डॉ. सुभाष भामरे ३,८३१ मतांनी पडले. म्हणजे मुसलमान ठरवून एकगठ्ठा मतदान करतात, निकाल फिरवतात आणि वर ‘आम्ही घाबरलोय’ म्हणून गळा काढतात. देवेंद्र फडणवीसांनी जाहीर भाषणांत हेच धुळ्याचं उदाहरण देऊन ‘व्होट जिहाद’ म्हटलं, त्यामुळे मेसेजला वजनही आलं. आमच्या ग्रुपवर तो टाकणारे काका सज्जन आहेत, कुणाच्याही अडीअडचणीला पहिले धावतात. म्हणून त्यांना नुसतं ‘फॉरवर्ड करू नका’ म्हणून भागणार नाही.

यातले आकडे खरे आहेत. भानगड आहे ती दोन आकड्यांच्या मधे जे भरलंय त्यात.

‘एकट्या मालेगाव मध्यने पाडलं’

धुळे लोकसभेत धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव बाह्य, बागलाण आणि मालेगाव मध्य येतात. शेवटचे तीन आपल्या नाशिक जिल्ह्यातले. २०१९ मध्ये याच सहांतून भामरे २ लाख २९ हजारांनी निवडून आले होते. मालेगाव मध्य तेव्हाही त्यांच्या विरोधातच होतं, तिथली तूट वजा जाऊन उरलेला हा आकडा. म्हणजे बाकीच्या पाचांतली आघाडी त्याहून मोठी होती. २०२४ ला ती १ लाख ९० हजारांवर आली. अगदी हात राखून हिशेब केला तरी पाच मतदारसंघांत जवळपास ३९ हजारांची गळती झाली, पराभवाच्या फरकाच्या दहापट. ही गळती कुठल्या मशिदीतून झाली?

याचं उत्तर याच मतदारसंघातल्या सटाणा, नामपूर, मुंगसे इथल्या कांद्याच्या लिलावात मिळालं असतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात सरळ निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ ला, म्हणजे मतदानाला पंधरवडा उरलेला असताना, आणि तीही ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्काच्या अटीवर. १५ मे ला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, त्यात एक तरुण मधेच उठून ‘कांद्यावर बोला’ म्हणून ओरडला. तो काही मालेगाव मध्यचा मतदार नव्हता.

शेजारी दिंडोरीत, आदिवासींसाठी राखीव असलेल्या कांदा-द्राक्षांच्या मतदारसंघात, केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार १ लाख १३ हजारांनी पडल्या. तिथे निवडून आलेल्या भास्कर भगरे सरांच्याच आडनावाच्या एका अपक्षाने, त्यांच्या चिन्हाशी मिळत्याजुळत्या तुतारी चिन्हावर, लाखावर मतं खाल्ली, तरी हा फरक! नाशकात महायुतीचे हेमंत गोडसे १ लाख ६२ हजारांनी गेले. यातलं मालेगावने काय केलं, ते मेसेजमध्ये कुठे आलेलं नाही.

‘ठरवून, एकगठ्ठा, धर्मासाठी’

एकगठ्ठा हे खरं. मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना १ लाख ९८ हजारांवर आणि भामरेंना साडेचार हजार मतं पडली. आता ‘धर्मासाठी’ बघू. बच्छाव या नाशिकच्या माजी महापौर, हिंदू बाई. त्यांना ‘बाहेरचा उमेदवार’ म्हणून काँग्रेसच्याच स्थानिक पुढाऱ्यांनी नाकं मुरडली होती. महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नव्हता, त्यावरून नसीम खान यांनी प्रचार समिती सोडली होती. धुळ्यात वंचितने माजी पोलीस अधिकारी अब्दुर रहमान यांना उभं केलं, तर त्यांचा अर्ज छाननीत बाद झाला. ज्या पक्षाने आपल्या समाजाला राज्यात एक तिकीट दिलं नाही, त्याच्या उमेदवाराला उन्हातान्हात रांगा लावून मतं द्यायची, हा धर्मासाठी केलेला कट असेल तर तो फारच तोट्यातला कट म्हणायचा.

खरी गंमत पुढे आहे, आणि मेसेज नेमका तिथे थांबतो. सहाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभा झाली. तेच मालेगाव मध्य, तेच मोहल्ले, त्याच मशिदी. एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि नवा पक्ष काढून उतरलेले आसिफ शेख यांच्यात मतं अशी दुभंगली की मुफ्ती जेमतेम १६२ मतांनी निवडून आले. दोघांनाही प्रत्येकी लाखावर मतं, शिवाय समाजवादी आणि काँग्रेसचे उमेदवार वेगळेच. ज्यांना हुकूम सुटल्यासारखं एका बटणावर बोट ठेवता येतं, त्यांनी सहा महिन्यांत असा गोंधळ कसा घातला?

मालेगाव ज्यांनी थोडंफार पाहिलंय त्यांना यात नवल नाही. साथी निहाल अहमद यांचा जनता दल, शेख रशीद यांची काँग्रेस, मुफ्तींचा गट अशी हमरीतुमरी तिथे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. चहाच्या टपरीवर बसा, जुम्म्याला साचे म्हणजे यंत्रमाग बंद असतात तेव्हा, आणि गटारी, पाणी, यंत्रमागाचं वीजबिल यांवरून आमदाराची काय सालपटं काढतात ती ऐका. घरची निवडणूक असली की हे लोक इतर कुठल्याही तालुक्यासारखे भांडतात. लोकसभेला ते एका जागी आले, कारण त्यांना वाटलं की यात आपली गटार नाही, आपण स्वतःच पणाला लागलोय. धोका वाटला की माणसं एकत्र येतात. त्याला कारस्थान म्हणायचं तर त्याच नोव्हेंबरातल्या ‘बटेंगे तो कटेंगे’ला काय म्हणायचं? मौलवींनी आवाहनं केली असतील, केलीच. आणि नाशकात लोकसभेला शांतिगिरी महाराज स्वतःच अपक्ष उभे होते. धर्मगुरूंनी राजकारणापासून लांब राहावं असं माझं मत आहे, पण ते एकाच बाजूपुरतं नाही.

‘भीती कसली? नाटक आहे’

मेसेजमधलं मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे वाक्य. आकड्यांची चूक दुरुस्त होते, पण समोरच्याला खोटारडा ठरवलं की बोलणंच खुंटतं.

मालेगावची भीती कुठून येते ते बघायला फार मागे जावं लागत नाही. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा दिवस, बडा कब्रस्तानात नमाजानंतर स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. अटक कुणाला झाली? त्याच समाजातल्या नऊ जणांना. पाच वर्षं आत काढून २०११ मध्ये जामीन, आणि आरोपमुक्ती एप्रिल २०१६ मध्ये. तोवर त्यांच्यातला एक जण वारला होता. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट, सहा बळी. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला पुराव्याअभावी निर्दोष सुटले. न्यायालयाचा निकाल आहे, तो मान्य. पण भिक्कू चौकातल्या माणसाच्या जागी बसून बघा: आपली माणसं मेली, एकदा आपलीच मुलं उचलली गेली, दुसऱ्यांदा कुणीच दोषी नाही. तो घाबरला नाही तर नवल.

अलीकडचंही आहे. याच पिंपळगावच्या सभेत, कांद्याच्या बाजारपेठेत, पंतप्रधानांनी सांगितलं की काँग्रेसला देशाच्या बजेटमधले १५ टक्के अल्पसंख्याकांवर खर्च करायचे होते. त्याआधी एप्रिलमध्ये राजस्थानातल्या बांसवाड्याच्या सभेत त्यांच्याच तोंडी ‘घुसपैठिये’ आणि ‘ज्यादा बच्चे’ येऊन गेलेच होते. निकालानंतर ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये, लेकीकडे निघालेल्या सत्तरी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्याला इगतपुरीच्या आसपास टोळक्याने मारलं, त्याच्याजवळ गोमांस आहे असा संशय घेऊन. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्याच महिन्यात बांगलादेशवरून पुकारलेल्या बंदच्या दिवशी नाशकातल्या भद्रकालीत दगडफेक झाली. जानेवारी २०२५ मध्ये मालेगावातल्या उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरून बांगलादेशी-रोहिंग्यांचा आरोप झाला, विशेष तपास पथक बसलं, तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले, कागद खोटे दिल्याचे गुन्हे लोकांवर दाखल झाले. कुणी खोटे कागद केले असतील तर कारवाई व्हावी. पण ज्या वस्तीत बाळंतपणं दाईच्या हातून घरातच झाली, तिथे चाळीस वर्षांच्या माणसाकडे जन्मदाखला नसणं यात परदेशी काही नाही. माझ्या स्वतःच्या आजीकडेही नव्हता. तिला कुणी विचारला नाही, एवढाच फरक.

ही भीती दिसायला कशी असते? जुन्या नाशकात दूध बाजाराजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवसांत उभा होतो. पुढे एक बाई, हातात रेक्झिनची पिशवी. आतून एकेक कागद निघत होता: नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला, सासऱ्यांचं जुनं रेशनकार्ड लॅमिनेशन केलेलं, घरपट्टीच्या पावत्या, लाइटबिल. प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. मग दबक्या आवाजात दुकानदाराला विचारणा, “दादा, आधारवर शेख आधी आहे, दाखल्यावर शेवटी. चालेल ना?” दुकानदार, कपाळाला गंध लावलेला, चष्मा वर करून दोन्ही कागद शेजारी धरून बघत होता. “गॅझेट करून घ्या ताई, पुढे कटकट नको.” फी किती, फोटो किती, ॲफिडेव्हिट कुठे होतं, सगळं त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं. नाटक करणारं माणूस एवढ्या प्रती काढत नाही.

‘यांना कायदा नको’

नाशकातल्या काठे गल्लीतल्या सातपीर दर्ग्याचं उदाहरण यासाठी हमखास दिलं जातं. एप्रिल २०२५ मध्ये महापालिकेने तो अनधिकृत म्हणून पाडला, त्याच्या आदल्या रात्री जमावाने पोलिसांवर दगड मारले, वीसहून अधिक पोलीस जखमी झाले. दगड मारणाऱ्यांचं समर्थन करता येत नाही, मी करणारही नाही. पण त्याच दर्ग्याचे विश्वस्त वकील घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि न्यायालयाने महापालिकेच्या नोटिशीला स्थगितीही दिली. ती आली तेव्हा दर्गा पडलेला होता. दगडाचा व्हिडिओ ग्रुपवर आला, स्थगितीचा आदेश आला नाही. भिक्कू चौकातल्या मृतांचे नातेवाईकही सुटकेच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलात गेले आहेत. सतरा वर्षांनी, हरल्यावर, पुन्हा वकिलाकडे. कायदा नको असलेली माणसं असं करत नाहीत.

लवचीकता म्हणा, चिवटपणा म्हणा, त्याचं कौतुक करताना मला जरा अवघडायला होतं. ‘बघा, किती शांत राहिले’ असं म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढचा घाव सोसायला त्यांना पुन्हा उभं करतो. मालेगावात ३१ जुलैच्या निकालानंतर साचे चालू राहिले, कारण एक दिवस साचा बंद तर एक दिवसाची मजुरी बंद.

‘बाकी अल्पसंख्याकांना कुठे भीती वाटते?’

हे थोडक्यात. बाकीच्यांना विचारलंय कुणी? पेठ-सुरगाण्याकडच्या ख्रिस्ती आदिवासीला विचारा, धर्म बदलला तर अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, या डीलिस्टिंगच्या मागणीने त्याच्या घरात काय बोलणं होतं ते. ख्रिस्ती म्हणजे परकीय असं वाटत असेल तर शरणपूर रोडवरून रोज जाताना आठवावं की ती वस्ती एकोणिसाव्या शतकातली, गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही तिथे आसरा मिळाला होता. आणि बौद्धही अल्पसंख्याकच आहेत. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह आणि येवल्याची १९३५ ची घोषणा याच जिल्ह्यातली. २०२४ ला ‘संविधान बदलणार’ ही धास्ती त्यांच्या वस्त्यांमध्ये किती होती, हे त्या निवडणुकीचा प्रचार केलेल्या कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता सांगेल. त्यांच्या मताला मात्र कुणी जिहाद म्हटलं नाही.

राहता राहिली काकांची शेवटची ओळ, ‘आकडे खोटे बोलत नाहीत.’ बरोबर आहे. निवडणुकीनंतर प्रत्येक बूथची मतं फॉर्म २० मध्ये जाहीर होतात, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. मालेगाव मध्यचे बूथ बघून झाले असतील तर आता बागलाण आणि शिंदखेड्याचे उघडा. २०१९ चा आणि २०२४ चा तक्ता शेजारी ठेवा, एका गावात एकाच चिन्हावर किती टक्के मतं पडली ते काढा, आणि जिथे जिथे एकगठ्ठा दिसेल त्या सगळ्या गावांची यादी त्याच ग्रुपवर टाका.