शोकात असलेल्यांनी कादंबरी वाचू नये, असे म्हणणाऱ्यांना

‘काल्पनिक माणसांच्या दुःखावर रडणारे मन दुबळे असते आणि शोकात असलेल्यांनी कथा-कादंबऱ्यांना हात लावू नये’, अशा आशयाचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्या मावशीचे यजमान गेल्या वर्षी वारले. तिच्या सुनेने काळजीपोटी हा संदेश तिला पाठवला आणि मावशीने निम्मी वाचून झालेली कादंबरी ग्रंथालयात परत करून टाकली. त्यामुळे मला आता गप्प बसवत नाही.

रडणाऱ्या वाचकाला खरे-खोटे कळेनासे होते, हे त्यातले सर्वांत निराधार विधान आहे. न. चिं. केळकरांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून याच अनुभवाला ‘सविकल्प समाधी’ असे नाव दिले होते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, परंतु स्वतःच्या भूमिकेचे भान सोडत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मावशी डोळे पुसत वाचत असते, दूध उतू जायला आले की उठून गॅस बंद करते, परत येऊन तेच पान उघडते आणि तिचे डोळे पुन्हा भरून येतात. यात भान हरपले कुठे?

शोकग्रस्ताला करुण काही वाचू न देण्याचा सल्ला तर मला क्रूर वाटतो. करुण रसातून केवळ दुःखच मिळत असते, तर त्याकडे कोणी वळलेच नसते आणि रामायणही दुःखाचे कारण ठरले असते, हा युक्तिवाद संस्कृत काव्यशास्त्रकार विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’ या आपल्या ग्रंथात शतकांपूर्वी करून ठेवला आहे. तेराव्यानंतर मावशीकडे येणारी माणसे कमी झाली आणि जी येतात ती यजमानांचा विषय निघाला की बोलणे दुसरीकडे वळवतात. त्या कादंबरीतली विधवा मात्र रिकाम्या दुपारींविषयी सविस्तर बोलते. “मला जे कुणाला सांगता येत नव्हतं, ते हिनं लिहिलंय,” असे मावशी मला फोनवर म्हणाली होती. एखादे पुस्तक एखाद्या वेळी सोसत नाही, हे खरे आहे. पण तेव्हा ते मिटून ठेवायचे की नाही, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे असते.

वाचनाने माणूस सहृदय होतो हे सिद्ध झालेले नाही, असेही संदेशात म्हटले आहे आणि तेवढे मला मान्य करावे लागते. साहित्यिक कथा वाचल्यावर इतरांच्या भावना अधिक चांगल्या ओळखता येतात, असा निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात 2013 साली प्रसिद्ध झाला होता, पण 2016 साली इतर संशोधकांनी तो पडताळून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. मात्र एवढ्यावरून वाचन घातक कसे ठरते, याचे उत्तर संदेशात कुठेही नाही. कादंबरीऐवजी पाच मिनिटांचा सारांश ऐकावा, ही सूचनाही तितकीच पोकळ आहे, कारण ज्या पात्राबरोबर आपण दोनशे पाने राहिलोच नाही, त्याचे मरण आपल्याला फक्त कळते.

ती कादंबरी मी ग्रंथालयातून माझ्या नावावर आणली असून रविवारी मावशीकडे नेऊन देणार आहे. सुनेशीही बोललो आहे. मावशीने जिथे वाचन सोडले होते, त्या पानाचा कोपरा अजून दुमडलेला आहे.