‘विशेष मुलांची हर्ब्जची बाग म्हणजे नुसता देखावा’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना कामाला ठेवून पुदिना, बेझिल, रोझमेरी पिकवणाऱ्या ना-नफा उद्योगांवर टीका करणारा एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खरं काम शिक्षकच करतात, ‘मुलं’ फोटोपुरती उभी असतात. बागकाम त्यांच्यासाठी धोक्याचं आहे. माल सुमार असतो, लोक कीव येऊन घेतात. ना-नफा म्हणजे कायमचा तोटा. आणि पगार नावापुरता, म्हणजे हे शोषणच. त्यापेक्षा हे सगळं बंद करून पैसे सरळ घरच्यांना द्यावेत.

यातला एक मुद्दा खरा आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी ‘मुलं’ या शब्दाचं बघू. दाढी पांढरी व्हायला लागलेल्या माणसालाही आपण ‘विशेष मुलगा’ म्हणतो. एकदा मूल म्हटलं की त्याचं काम आपोआप खेळ ठरतं आणि पगार खाऊ. संदेशाचा निम्मा युक्तिवाद या एका शब्दावर उभा आहे. गंमत म्हणजे अशा उद्योगांचं कौतुक करणारेही हाच शब्द वापरतात.

‘खरं काम शिक्षकच करतात.’ पुदिन्याचं छाट कलम, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून नवं रोप, कसं होतं ते पाहा. पेपरमिंट हा मुळात संकर. त्याला बी धरत नाही, त्यामुळे कलमांवाचून गत्यंतर नाही. फुलावर न आलेली फांदी निवडायची, पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, लगेच खाली कापायची, खालची पानं काढायची, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचायची, ट्रेला चिठ्ठी लावायची. प्रत्येक पायरी वेगळी शिकवता येते आणि वेगवेगळ्या माणसाला देता येते. लांबीचा अंदाज येत नसेल तर खूण केलेली काडी द्यायची. जुडीचं वजन वाचता येत नसेल तर वजनकाट्याच्या तबकडीवर हिरवी पट्टी चिकटवायची. काटा पट्टीत आला की रबर लावायचं. मार्क गोल्ड या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९७०च्या दशकात याच पद्धतीने, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवलं होतं. त्याचा आग्रह साधा होता: शिकणाऱ्याला जमत नसेल तर शिकवण्याची रीत बदला. ही काडी आणि ही पट्टी शोधून काढणं हे शिक्षकाचं काम. कलमं करणं आणि जुड्या बांधणं त्याचं नाही. दुपारभर तोच जुड्या बांधताना दिसला तर संदेशवाला बरोबर, पण मग ती बाग वाईट चालवली जाते आहे एवढंच सिद्ध होतं.

बरं, हर्ब्जच का? पीक सोपं आहे म्हणून नव्हे. बेझिल १० अंशांखाली काळं पडतं, केवडा या पानांवरच्या बुरशीसारख्या रोगाने बघता बघता जातं, आणि पाणी जास्त झालं की रोपं ट्रेमध्येच कोलमडतात. वाफसा, म्हणजे मातीतली नेमकी हवी तेवढी ओल, ओळखायला चांगल्या माळ्यालाही वेळ लागतो. पण इथे फेरा छोटा असतो. पार्सली उगवायला तीन-तीन आठवडे घेते खरी, तरी बेझिलचा शेंडा खुडला की थोड्याच दिवसांत त्या पेरातून दोन फांद्या फुटलेल्या दिसतात. आपण काय केलं आणि त्याचं काय झालं, हे त्याच माणसाला, त्याच कुंडीत दिसतं. शिवाय तेच काम रोज असतं. बदलाने बिथरणाऱ्या माणसाला हे मानवतं; कंटाळणाऱ्याला मानवत नाही. आणि ज्याला उग्र वास सहन होत नाहीत, अशा स्वमग्न माणसाला रोझमेरीच्या शेजारी दिवसभर उभं करणं ही शिक्षाच. ‘निसर्ग सगळ्यांना बरं करतो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘धोका आहे.’ आहे. पण कात्री हा सगळ्यात छोटा धोका. बौद्धिक अक्षमतेबरोबर अपस्मार (फिट येण्याचा आजार) असण्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्यावरच्या काही औषधांमुळे घाम कमी येतो. अशा माणसासाठी तापलेलं हरितगृह कात्रीपेक्षा घातक. म्हणून कामाच्या वेळा, सावली आणि पाणी आधी ठरवावं लागतं, शिडीवर कोणी चढायचं हेही. फवारणीचं म्हणाल तर पान थेट खाण्यात जातं. औषध मारल्यावर ठरावीक दिवस काढणी करता येत नाही. हे बंधन प्रत्येक उत्पादकाला आहे, त्यात विशेष काही नाही.

‘लोक कीव येऊन घेतात.’ पहिली जुडी घेत असतील. पुदिना काळवंडलेला निघाला तर दुसरी कोणी घेत नाही. वेष्टनावर कामगारांचे केविलवाणे फोटो छापणाऱ्या संस्था हा आरोप स्वतःच ओढवून घेतात, हेही खरं.

‘ना-नफा म्हणजे तोटा.’ हा निव्वळ गैरसमज. ना-नफा म्हणजे शिल्लक राहिली तर ती मालकांत वाटायची नाही, कामात घालायची. शिल्लक राहूच नये असा नियम नाही. शिकवणाऱ्यांचा खर्च बहुधा देणगीतून येतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त बागेचा हिशेब आणि प्रशिक्षणाचा हिशेब वेगळा ठेवावा, नाहीतर बाग चालते की नाही हे चालवणाऱ्यालाही कळत नाही.

‘पैसे सरळ घरच्यांना द्या.’ घरच्यांना आधार मिळायलाच हवा, पण तो पगाराची जागा घेत नाही. सकाळी कुठेतरी जायचं असणं आणि आपण आलो नाही तर कुणाचा तरी खोळंबा होणं, हे भत्त्याने येत नाही.

आता तो खरा मुद्दा: पगार. शोषणाचा आरोप हवेतला नाही. अमेरिकेत १९३८च्या श्रम कायद्याने, प्रमाणपत्र घेऊन अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे देण्याची मुभा दिली. ‘प्रशिक्षण’ या नावाखाली वर्षानुवर्षं फुकट राबवणं तर कायद्याशिवायही चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातलं २७वं कलम समान मोलाच्या कामाला समान मोबदला सांगतं. त्या कराराच्या समितीने २०२२ साली आणखी पुढे जाऊन स्पष्ट केलं की अपंगांना वेगळं काढून चालवलेल्या कार्यशाळांनी कामाचा हक्क पुरा होत नाही. ही कसोटी हर्ब्जच्या बागेलाही लागते. तेव्हा अशी संस्था दिसली तर चार गोष्टी विचाराव्यात. पगार तासावर आहे की ‘मानधन’ आहे? तो कुणाच्या खात्यात जातो? प्रशिक्षण किती महिन्यांत संपतं? आणि इथून बाहेरच्या रोपवाटिकेत कामाला गेलेलं कोणी आहे का? संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणी हे विचारलं असेल, तर त्याची उत्तरं मला वाचायला आवडतील.