खुलासा: ‘पी/ई ४ म्हणजे स्वस्त’ हा मेसेज पुढे पाठवू नका

रत्नागिरी-चिपळूणच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘स्टीलचा शेअर पी/ई ४-५ वर मिळाला की डोळे झाकून घ्या, कधीच विकू नका.’ (पी/ई म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे ते.) चक्रीय, म्हणजे आलटून पालटून तेजी-मंदी येणाऱ्या धंद्यात हे बहुतेक वेळा उलटं असतं. तेजीच्या टोकाला नफा फुगतो, म्हणूनच पी/ई कमी दिसतो.

टाटा स्टीलचे वार्षिक अहवाल बघा, बीएसईच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. २०२१-२२ चा एकत्रित (उपकंपन्या धरून) नफा सुमारे ४१,७०० कोटी, तेव्हा पी/ई ४ च्या आसपास. पुढच्या वर्षी नफा जेमतेम ८,००० कोटी आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ४,९०० कोटींचा तोटा! मधेच, मे २०२२ मध्ये, सरकारने स्टीलवर १५ टक्के निर्यात शुल्कही लावलं होतं. नोव्हेंबरमध्ये ते काढलं.

हापूसचं झाड एक वर्षाआड धरतं. भरल्या वर्षाचा हिशोब धरून बाग कोण विकत घेतं?

विक्रमी नफा, सगळ्यांचे एकदम नवे प्रकल्प, मग मालाचे उतरते भाव असं दिसलं की थोडा थोडा हिस्सा विकत जावा. नेमकं टोक कुणालाच सापडत नाही.

काही काका-मावशी निवृत्तीचा फंड यात घालायला निघालेत, म्हणून कळकळीने सांगतोय. तो मेसेज आला तर कृपया तिथेच थांबवा, आणि ज्यांना पाठवलात त्यांना हा खुलासा पाठवा.