नातवंडं वाढवणाऱ्या आज्यांची बैठक बाजाराच्या दिवशी भरवा

मूल आजीकडे वाढतंय, मामाकडे वाढतंय, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की त्या आजीला किंवा मामीला काही मदत लागत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. घरचंच तर आहे, असं म्हणून सगळे मोकळे होतात.

आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, मुकादम गाडी पाठवतो आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो. काही मुलं फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, उरलेली म्हाताऱ्यांच्या पदरात. ही झाली हंगामापुरती. काही घरांत बाप अपघातात किंवा कोरोनात गेला, कुणी गळफास घेतला, आईचं दुसरं लग्न लावून दिलं, आणि मूल कायमचं आजीकडे आलं.

या माणसांसाठी आम्ही काही शिक्षक आणि अंगणवाडीताई महिन्यातून एकदा बैठक घेतो. अशी बैठक कुठे भरवायची, यावर माझं मत ठाम आहे: गावात नको. तालुक्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी.

गावातल्या बैठकीत शेजारी भावकी बसलेली असते. ज्या सुनेनं दुसरा संसार मांडला तिची चुलत बहीण समोर असते. मग आजी म्हणते, "चाललंय बरं," आणि पदर सावरून गप्प बसते. बाजाराला मात्र ती येतेच. तेल, मीठ, पोरांच्या वह्या घ्यायच्या असतात. तिथे दुसऱ्या गावच्या आजीजवळ बसली की अर्ध्या तासात बोलायला लागते. आपला पोरगा गेला त्याच आठवड्यात नातवाची शाळा, दूध, ताप सगळं अंगावर आलं, रडायलाही सवड मिळाली नाही, हे तिनं कुणाजवळ सांगायचं? नातू हट्टाला पेटला की मेलेला लेकच समोर उभा राहतो, हे आमच्याकडे एकीनं सांगितलं आणि बाकीच्या नुसत्या माना हलवत राहिल्या. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

म्हणून तिथे व्याख्यान ठेवू नका. पाहुणे, हार, बॅनर, फोटो तर मुळीच नको. मुलांना कुणीतरी लांब खेळायला न्यावं. ती खेळत असली तरी कान इकडेच असतात, आणि "हिच्या आईनं टाकलं" हे वाक्य एकदा कानावर पडलं की पुसता येत नाही.

मामीला वेगळं बोलू द्या, सासू शेजारी नसताना. नणंदेचं लेकरू घरात आणायचं ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलेलं नसतं. घास मात्र तिच्याच हातचा. भाचराला जेवू घालताना आपल्या पोराचं ताट आधी वाढावंसं वाटतं, याची तिला लाज वाटते. त्या लाजेवर कुणी उपदेश केला तर ती पुन्हा येणार नाही.

आजोबा बहुतेक कागदांसाठी येतात. येऊ द्या, कागदही महत्त्वाचेच आहेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २०२३ पासून एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, आधी १,१०० होते. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, बँकेचं पासबुक, गृहचौकशी, आणि मग जिल्ह्याला बालकल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जायचं. म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीचं भाडं. सत्तरीच्या माणसाला पहिल्याच खिडकीवर परत पाठवलं की तो दुसऱ्यांदा जात नाही. ज्याचं प्रकरण मंजूर झालंय त्या आजोबांना नव्या आजोबांसोबत पाठवा. कार्यकर्त्यानं दहा वेळा समजावून जे होत नाही ते एवढ्यानं होतं. जातीच्या दाखल्याचं त्याहून अवघड: बापाकडची कागदं लागतात, आणि बापाकडचे लोक फोन उचलत नाहीत. तिथे तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांच्यापैकी कुणीतरी स्वतः पुढे व्हावंच लागतं.

गावोगावी बचत गट उभे राहिले, त्यांच्यासाठी खोल्या, रजिस्टरं, प्रशिक्षणं सगळं झालं. या आज्यांसाठी पंचायत समितीच्या आवारातली एक खोली बाजाराच्या दिवशी दोन तास उघडी ठेवणं जड नाही. पाणी, सतरंजी आणि झेरॉक्सची सोय, एवढंच मागणं आहे.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात कोण कुणाकडे राहतं हे तुम्हाला ठाऊक असतं. पालकसभेला आजी आली तर "आईवडिलांना पाठवा" म्हणू नका. तिचं नाव आणि गाव लिहून घ्या, ती कोणत्या बाजाराला जाते ते विचारा. दसऱ्याच्या आधी ही यादी तयार असेल तर टोळ्या गेल्यावर पहिल्याच बाजाराला बैठक भरवता येईल. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूरकडे कुणी सुरू करणार असेल तर मला सांगा. आमच्याकडच्या दोन-तीन आज्या यायला तयार आहेत.