शुगरवाल्या पाहुण्याला मार्गदर्शन कसे करावे

परवा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एका वास्तुशांतीला मिनतवाऱ्या करून बिनसाखरेचा चहा मिळवला. त्यात टाकायला साखरेऐवजीच्या गोड गोळ्यांची डबी काढतोय तोवर शेजारचे मामा गरजले, "पावणं, टाकून द्या ते. कॅन्सर हुतोय त्यानं!" माझा कप उचलून ते आत गेले आणि गुळाचा चहा घेऊन बाहेर आले. ही कला आपल्यालाही यावी, म्हणून हे चार शब्द.

आवाज मांडवाच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे. पाहुण्याला शुगर आहे हे आचाऱ्यालाही कळू दे.

डबीवरचं नाव वाचू नका. माझ्या गोळ्या सुक्रालोजच्या आहेत आणि मामांना मोबाइलवर आलेला फॉरवर्ड होता ॲस्पार्टेम या दुसऱ्याच गोडव्याचा, पण वाचत बसलं की सल्ल्यातला जोर जातो.

जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ॲस्पार्टेम '2बी' गटात टाकलं, एवढंच सांगून थांबा. या गटाचा अर्थ 'पुरावा तोकडा, पण शक्यता नाकारता येत नाही' असा आहे, हे गाळा. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅम कायम ठेवली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 2,400, हेही गाळा.

उंदीर मात्र आणाच. ते सॅकरीन या तिसऱ्याच गोडव्याच्या प्रयोगातले होते, 1970 च्या दशकातले. त्यांच्या मूत्राशयात कॅन्सर ज्या प्रकारे झाला तो प्रकार माणसाला लागू होत नाही असं ठरून 2000 साली अमेरिकेनं सॅकरीनला कर्करोगकारकांच्या यादीतून काढलं. तुम्ही कशाला काढताय?

आता गूळ. तो नैसर्गिक, म्हणून चालतो. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, गुऱ्हाळावरची काकवी मलाही जीव की प्राण आहे. पण तो उसाचाच ना हो? त्यात बहुतेक सुक्रोज, म्हणजे साखरच ना? रक्तात गेल्यावर ते काय विचारतंय, मी ढेपेतून आलो की कारखान्यातून? आणि कॅन्सरची एवढी काळजी असेल तर त्या कर्करोग संस्थेची यादी पुरी वाचा की. लाल मांस 2015 पासून '2ए' गटात आहे, ॲस्पार्टेमच्या वरच्या पायरीवर. तांबड्या रश्श्याच्या ताटासमोर हे म्हणून दाखवा, गल्लीत फिरू देणार नाहीत. रंकाळ्यावर फिरून आल्यावर तुम्ही कोरफडीचा रस पिता, त्या अख्ख्या पानाचा अर्क '2बी'तच, ॲस्पार्टेमच्या मांडीला मांडी लावून. आणि सुपारी? पहिल्या गटात! म्हणजे त्यानं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं. मामांच्या गालात तेव्हा काय होतं, ओळखा.

पुरे झालं. गोड सुटलं तर उत्तमच, माझे डॉक्टरही तेच सांगतात. वजन उतरवायला साखरेऐवजीचे हे गोडवे वापरू नका असं मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, तेही मान्य. पण आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, असं तिथंच लिहिलंय. तुम्ही गोळी काढून घेता आणि साखर पाजता, वर उपकार केल्यासारखं बघता. डोळे माझे जाणार आहेत, किडनी माझी जाणार आहे. "एवढ्यानं काय हुतंय" म्हणणारा एकजण तरी कधी लॅबच्या रांगेत उपाशीपोटी माझ्याशेजारी उभा राहिलाय का?