‘एक साईझ लहान घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

कामाच्या ग्रुपवर एक मेसेज परत फिरायला लागलाय. थोडक्यात असा: ‘बायकांसाठी वेगळं वर्कवेअर ही मार्केटिंगवाल्यांची नवी टूम आहे. पुरुषांचाच एक साईझ लहान घेतला की भागतं. खरी मागणी असती तर दुकानदारांनी माल ठेवलाच असता, धंदा कोणाला नकोय? आणि बायका शेवटी रंग बघून घेणार, चार दिवसांनी परत आणून देणार.’ खाली टाळ्यांची रांग. वर्कवेअर म्हणजे अंगमेहनतीच्या कामाचे मजबूत कपडे. मी यंत्रांच्या देखभालीचं काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास हेच कपडे अंगावर असतात. तेव्हा एकेक वाक्य घेते.

‘नवी टूम.’ 1942 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने बायकांच्या कामाच्या कपड्यांवर एक पुस्तिका काढली होती. लिहिणाऱ्या क्लॅरिस स्कॉट त्याच खात्यात कपड्यांचे आराखडे करायच्या. यंत्रात अडकेल असं काही लोंबायला नको आणि हातपाय मोकळे हलायला हवेत, हा त्यांचा हिशेब होता. लिव्हाइस या जीन्सच्या कंपनीने बायकांची जीन्स आणली 1934 साली. म्हणजे ही ‘नवी’ टूम मेसेज लिहिणाऱ्याच्या आजीच्या वयाची आहे.

‘एक साईझ लहान.’ इथे जरा थांबते, कारण हे सांगणाऱ्याने ते स्वतःच्या अंगावर कधी घालून पाहिलेलं नसतं. पुरुषांची पॅन्ट बेतताना कंबर आणि सीट (म्हणजे नितंबांचा घेर) यांतला फरक कमी धरतात. मला सीटला बसणारी घेतली की कंबरेला मागे मूठ जाईल एवढी फट राहते. पट्टा आवळला की कापडाच्या चुण्या माकडहाडावर गोळा होतात, आणि पॅनेलसमोर उकिडवं बसलं की मागून वारा लागतो. कंबरेला बसणारी घेतली तर ती मांडीत धरते, शिडीवर पाय उचलत नाही. लांबी जास्त झाली तर खालून दुमडून शिवता येते, हे खरं. पण गुडघ्याच्या पॅडसाठी दिलेला खिसा वर सरकवता येत नाही. तो येतो माझ्या नडगीवर. म्हणजे पॅड आहे, त्याचे पैसे दिलेत, आणि गुडघा मात्र टेकतो काँक्रीटवरच.

हातमोजे घ्या. बोटाच्या टोकाला पेरभर रिकामं कापड. बारका स्क्रू उचलायला जावं तर चिमटीत आधी ते कापड येतं, मग स्क्रू निसटून यंत्राच्या पोटात जातो. दोनदा असं झालं की माणूस मोजा काढून खिशात टाकतो आणि उघड्या हाताने काम करतो. अपघात झालाच तर ‘मोजा घातला नव्हता’ एवढंच कागदावर येतं. बुटांची तीच गत. बायकांचं पाऊल ही पुरुषाच्या पावलाची लहान प्रत नाही. पंजाच्या मानाने टाच अरुंद असते. पुरुषांचा लहान नंबर पंजाला बसला तरी टाच आत वरखाली होत राहते.

आणि अंगभर ओव्हरऑल. लघवीला जायचं तर खांद्यापासून सगळं उतरवायचं, ओल्या फरशीवर बाह्या लोळू न देता. म्हणून दुपारपर्यंत पाण्याला न शिवणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. मागे उघडणारी चेन दिली की हे संपतं, तशी ओव्हरऑल बनतातही. साईझ कितीही लहान घ्या, त्याने चेन उगवत नाही.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या महासंघाचा, टीयूसीचा, 2017 मधला अहवाल आहे. त्यात केवळ 29 टक्के बायकांनी सांगितलं की आपली सुरक्षा साधनं बायकांच्या मापाने बनवलेली आहेत. 57 टक्के म्हणाल्या की या साधनांमुळे कामात कधी ना कधी अडथळा येतो. अमेरिकेत बांधकामावरच्या सुरक्षा साधनांचं माप नीट बसलंच पाहिजे, असा स्पष्ट नियम 13 जानेवारी 2025 पासून लागू आहे. तो साध्या कामाच्या पॅन्टला लागत नाही, हेही सांगून टाकते. पण ‘चालवून घ्या’ हे उत्तर तिथल्या कायद्यालाही पुरेसं वाटलेलं नाही.

आता मेसेजमधलं सगळ्यात शहाणं वाटणारं वाक्य: ‘मागणी असती तर माल ठेवला असता.’

दुकानाला मागणी कळते कुठून? बिलातून. बिलात येतं ते विकलेलं. जी बाई आली, तीन पॅन्ट घालून पाहिल्या आणि हात हलवत गेली, तिची नोंद कुठेच नाही. जी नाइलाजाने पुरुषांची पॅन्ट घेऊन गेली, तिची नोंद तर उलटीच होते: पुरुषांच्या विभागाची एक विक्री वाढली. मी गेल्या काही वर्षांत घेतलेली प्रत्येक पॅन्ट ‘बायकांना वर्कवेअर नको असतं’ याचा पुरावा म्हणून कुठल्या तरी तक्त्यात बसली असणार. मग त्या तक्त्याकडे बघून पुढच्या हंगामात बायकांचे दोनच साईझ मागवायचे. ते कोपऱ्यात, टोप्यांच्या मागे लावायचे. खपले नाहीत की म्हणायचं, बघा, सांगितलं नव्हतं?

एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने मला हसतमुखाने विचारलं होतं, “कोणासाठी बघताय? त्यांचं माप काय आहे?” मुलगा सभ्य होता. त्याचा दोष नाही. त्याला शिकवलेल्या गिऱ्हाइकात मी नव्हते.

आणि गिऱ्हाईक थोडं आहे, हेही मान्य नाही. वर्कवेअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त बांधकाम येतं. अमेरिकेच्या 2017 च्या कृषी गणनेत शेती चालवणाऱ्यांपैकी 36 टक्के बायका होत्या. शिवाय गोदामं आहेत, रोपवाटिका आहेत, गोठे आहेत. 2006 मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यात सारा कॅल्हून यांनी रेड अँट्स पॅन्ट्स ही कंपनी काढली ती स्वतःला धड कामाची पॅन्ट मिळेना म्हणून. पुरुषांचं माप आकसून घेण्याऐवजी त्यांनी सरळ आणि घेरदार अशा दोन बांध्यांच्या पॅन्ट बेतल्या. मोठ्या दुकानदारांकडे विक्रीचे सगळे आकडे होते, पण त्या आकड्यांत ही मागणी दिसत नव्हती.

‘रंग बघून घेतात.’ रंग ठेवलाय कोणी? ‘लहान करा आणि गुलाबी करा’ ही युक्ती बनवणाऱ्यांची. त्यातली गंमत अशी की लांबून दिसण्यासाठीच्या चमकत्या जॅकेटांचं युरोपीय मानक, ईएन आयएसओ 20471, तीनच रंग मानतं: चमकता पिवळा, नारिंगी-लाल आणि लाल. गुलाबी त्यात नाही. म्हणजे ‘खास महिलांसाठी’ म्हणून विकलेलं गुलाबी जॅकेट जिथे हे मानक पाळावं लागतं तिथे घालताच येत नाही. मेसेजवाल्याला हवा असेल तर एवढा गुण देते: असल्या मालाला टूम म्हणायला माझी हरकत नाही.

जाहिरातीही पाहा. पुरुषांच्या पॅन्टखाली लिहिलेलं असतं कापड किती जाड, शिवण दुहेरी की तिहेरी, गुडघ्याला दुहेरी थर आहे का. बायकांच्या पॅन्टखाली असतं, ‘आकर्षक फिट’. फोटोतल्या बाईच्या हातात पाना असतो, पण धरलेला असा की त्याने नट सोडा, बाटलीचं झाकणही फिरणार नाही.

राहिलं ‘परत आणून देतात’. देतातच. पुरुषांच्या पॅन्टच्या लेबलच्या पट्टीवर कंबर आणि लांबी इंचात छापलेली असते. बायकांच्या पट्टीवर 8, 10, 12 असा एकच आकडा, आणि त्याचा अर्थ दर ब्रँडगणिक वेगळा. अमेरिकेत 1958 मध्ये बायकांच्या मापांचं एक मानक केलं होतं, तेही 1983 मध्ये मागे घेतलं. ऑनलाइन मागवताना मी अंदाजाने दोन साईझ मागवते आणि एक परत करते. दुकानाच्या हिशेबात ही माझी धरसोड. पट्टीवर कंबर, सीट आणि आतली लांबी असे तीन आकडे छापले तर यातले निम्मे परतीचे खोके निघणारच नाहीत, असं मला वाटतं. छपाईला शाई तेवढीच लागते.

तोवर मी दुकानात शिंप्याची टेप घेऊन जाते आणि हँगरवरची पॅन्ट उलटी करून मोजते. लोक बघतात. टेप खिशात व्यवस्थित मावते, कारण पॅन्ट पुरुषांची आहे.