परागची यादी आणि 452 ची पट्टी

डब्लिनला साउथ किंग स्ट्रीटवर गेअटी थिएटरसमोर शनिवारी आमचा कट्टा भरतो. या खेपेला विषय शोधावा लागला नाही. परागने ग्रुपवर टाकलेली 'आयर्लंडचे दहा थोर टेनर' (म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक) ही यादी सगळ्यांनी वाचली होती. एक नंबरला जॉन मॅकॉर्मॅक, हे कुणालाच खटकलं नव्हतं. पण दहांत एकोणिसाव्या शतकातल्या बार्टन मॅकगकिनचं नावच नाही म्हटल्यावर मंजिरी पेटून आली होती.

"मॅकगकिन कुठाय रे?"

"त्याची तबकडी कुठाय?" पराग म्हणाला. "ऐकवा आणि यादीत घाला. साधा नियम आहे."

"लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी निघाली 1898 साली. त्याच्या ऐन भराची वर्षं त्याच्या आधीची. तुझा नियम लावला तर भाऊराव कोल्हटकरही बाद होतील. काढ त्यांनाही!"

भाऊरावांचं नाव निघालं आणि शरदकाका सरसावले. मॅकगकिन कार्ल रोझा ऑपेरा कंपनीच्या रंगमंचावर उभा राहिला तो 1880 मध्ये, आणि पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं तेही त्याच साली, हे ते दर दोन-तीन शनिवारांनी सांगतात. तिथून त्यांची गाडी मायकेल केलीवर जाते: डब्लिनचा पोरगा, 1786 मध्ये व्हिएन्नाला मोझार्टच्या 'फिगारो'च्या पहिल्या प्रयोगात दोन भूमिका, त्यातल्या तोतऱ्या न्यायाधीशाने षट्कातही, म्हणजे सहा जणांच्या गाण्यातही, तोतरंच बोलायचं म्हणून खुद्द मोझार्टशी हुज्जत...

"आणि ती हुज्जत केलीने जिंकली, काका, माहितीये आम्हाला," देवदत्तने वाक्य संपवून टाकलं. "आज एकोणिसाव्या शतकातच राहू या."

काका रुसले. पण जरा वेळच.

मंजिरी गाणं शिकवते, त्यामुळे तिचा मुद्दा थेट घशापासून सुरू झाला. मॅकगकिन जन्मला डब्लिनमध्ये, 1852 साली. लहानपणी आर्माच्या कॅथेड्रलच्या गायकवृंदात, मोठेपणी इथल्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये टेनर. "कॅथेड्रलमध्ये पोरं रोजच्या उपासनेला गातात. आज हाती आलेली स्वरलिपी आजच गायची, आणि शब्द इंग्रजी. आता कार्ल रोझा कंपनीचं ब्रीदच इंग्रजीतून ऑपेरा. वाग्नर असो, मास्ने असो, सगळं इंग्रजीत. आणि इंग्रजीत वरचा सूर लावणं म्हणजे काय, ते कळतं का तुला?"

"भाषेने काय फरक पडतो?" परागने विचारलं. हा प्रश्न त्याने विचारायला नको होता.

"इटालियन शब्द बहुतेक स्वरावर संपतो. तोंड उघडं, सूर सुटा. इंग्रजी शब्द तीन-तीन व्यंजनांवर आपटतो. भाषांतरकाराने वरच्या सुरावर 'मी' किंवा 'शी' आणून ठेवला की संपलं. 'ई' म्हणताना जीभ वर चढते, जबडा मिटतो, सूर पातळ होऊन नाकात जातो. मग गायकाने 'ई' जरा 'ए'कडे, 'इ' जरा 'अ'कडे झुकवायचा, आणि तरी गॅलरीतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे. जास्त झुकवला तर शब्द गेला, कमी झुकवला तर सूर चिरकला. हे तो आठवड्यात तीन-चार रात्री वेगवेगळ्या ऑपेरांत करायचा."

"नवे की तेच तेच जुने?"

"नवे! 1883 घे. 26 मार्चला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये गोरिंग टॉमसचा ऑपेरा 'एस्मेराल्डा' पहिल्यांदा आला, त्यात फीबस हा. 9 एप्रिलला तिथेच मॅकेन्झीचा 'कोलोम्बा', त्यात ऑर्सोही हाच. मध्ये चौदा दिवस. दोन्ही कोऱ्या करकरीत भूमिका, ऐकून शिकायला आधीचा कुणी गायक नाही. 1885 च्या जानेवारीत लिव्हरपूलला इंग्रजी 'मानोन'मधला दे ग्रिये. मे महिन्यात तोच लंडनला, आणि त्याच्या तीन आठवडे आधी 'नदेश्दा' या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग. तुझा मॅकॉर्मॅक मोझार्टच्या 'इल मिओ तेझोरो' या गाण्यातली ती लांब तान एका दमात घेतो, 1916 ची तबकडी. मी मुलांना ऐकवते, त्याला तोड नाही. पण ती साडेतीन-चार मिनिटांची एक बाजू आहे."

देवदत्त इतका वेळ कॉफी ढवळत होता. तो पियानो सुरात लावायचं काम करतो आणि पट्टीचा विषय निघाल्याशिवाय फारसा बोलत नाही. "पट्टीचं कुणीच काढत नाही," तो म्हणाला. "फ्रान्सने 1859 मध्ये कायद्याने वाद्यं ज्यावर लावतात तो 'ए' सूर 435 हर्ट्झला बांधला. इंग्लंडमध्ये तेव्हा तो 452 च्या घरात. म्हणजे अर्ध्या स्वराचे दोन तृतीयांश वर. पॅरिसच्या पट्टीतला वरचा बी-फ्लॅट 461 हर्ट्झ, लंडनमध्ये तोच 479."

"मग वाद्यं उतरवायची," पराग म्हणाला.

"व्हायोलिन उतरेल. क्लॅरिनेट कसं उतरवशील? नळीची लांबी ठरलेली, भोकं ठरलेली. सांधा बाहेर ओढला तर वरच्या भोकांचे सूर जास्त उतरतात, खालच्यांचे कमी, आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. नवा संच घ्यायचा तर पैसे वादकाच्या खिशातले. त्यात लष्करी बँड वरच्याच पट्टीत, आणि बरेच वादक दोन्हीकडे वाजवायचे. त्यामुळे कुणी हलेना. सिम्स रीव्ह्जसारखा नावाजलेला टेनर या पट्टीत गाणार नाही म्हणून अडून बसला. त्याला ते परवडत होतं. फिरत्या कंपनीतल्या माणसाला नाही. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने 439 मान्य केला तो थेट 1896 मध्ये."

"आणि मॅकॉर्मॅक लंडनच्या कव्हेंट गार्डन ऑपेराला आला 1907 मध्ये," मंजिरीने खुंटा ठोकला. "उतरलेल्या पट्टीत!"

परागने फोन खिशात ठेवला. हे क्वचित घडतं.

मंजिरीने पुढे जे सांगितलं ते माझ्या मते त्या संध्याकाळचं सर्वांत मोलाचं. पट्टी चढली की वरचा सूर अवघड होतो असं सगळे समजतात. खरी अडचण मधल्या वळणावर येते. टेनरचा आवाज एफ-एफ शार्पच्या आसपास छातीतून डोक्याकडे वळवावा लागतो. तिथे जोर करून छातीचाच आवाज पुढे रेटला तर दोन सुरांनंतर तो फाटतो. कागदावरचा एफ शार्प लंडनच्या पट्टीत जवळजवळ जी होतो. म्हणजे शिक्षकाने ज्या स्वरावर वळायला शिकवलं, त्याच्या अर्धा स्वर आधी वळायचं. 'लोहेनग्रिन'सारखी भूमिका तर बराच वेळ याच पट्ट्यात फिरत राहते. अशा भूमिकेत घसा थकतो तो वरच्या एका सुराने नव्हे, या वळणावरच्या शंभर सुरांनी.

"लिमरिकच्या जोसेफ ओ'माराचं उदाहरण घ्या," काकांचा रुसवा संपला होता. "1891 मध्ये सलिव्हनचा ऑपेरा 'आयव्हनहो' लंडनला रोज लावला, सलग 155 प्रयोग. एका टेनरला रोज झेपणार नाही म्हणून नायक दोन नेमले, बेन डेव्हिस आणि ओ'मारा, आलटून पालटून. ओ'माराला निदान जोडीदार होता!"

परागने शेवटचा पत्ता काढला. "पण लेखक जेम्स जॉइसने मॅकगकिनवरून काय बेतलं म्हणतात? 'द डेड' या गोष्टीतला तो बार्टेल डार्सी. घसा बसलाय म्हणून गायचं टाळणारा! हाच तुमचा हिरो?"

"हवेतला गारवा अंगावर घेऊन बर्मिंगहॅम-लिव्हरपूल-डब्लिन फिरणाऱ्या टेनरचा घसा बसतो, पराग. स्वरतंतूंना सूज असताना गायलास तर तीन दिवसांचं दुखणं तीन महिन्यांवर जातं. न गाणं हाही शिक्षणाचाच भाग आहे."

"आणि जॉइसचा बाप," काका म्हणाले, "जन्मभर सांगत फिरला की मॅकगकिनने मला आयर्लंडमधला सर्वांत चांगला टेनर म्हटलं. मॅकगकिनचं प्रशस्तिपत्र म्हणजे काय होतं ते बघ. त्याच गोष्टीत जेवणाच्या टेबलावर तो किस्सा आहे ना, इटालियन टेनरने 'मॅरिटाना' या ऑपेरातल्या गाण्याला पाच वन्समोअर घेतले आणि प्रत्येक वेळी वरचा सी घातला. पाच!"

"कुठल्या पट्टीत?" देवदत्तने लगेच विचारलं.

इथे चर्चा संपायला हवी होती. पण परागला उचकी लागावी तशी खुमखुमी येते. "एवढं काय त्या पट्टीचं? लाव तुझं ॲप 452 ला. मी गातो."

देवदत्तने लावलं. पराग कठड्यावर चढला, 'बोहेमियन गर्ल' ऑपेरातल्या थॅडियसच्या गाण्याची पहिली ओळ बरी गेली, मग त्याने मनानेच वरचा सूर घेतला आणि आवाजाचे दोन तुकडे झाले. नाटकाच्या रांगेतल्या दोन आजीबाई दचकून वळल्या. काका उठून उभे राहिले आणि गिरगावच्या पिटातून ओरडावं तसे ओरडले, "वन्समोअर!"

पराग खाली उतरला, मफलर गळ्याभोवती आवळला आणि शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाला, "आज नाही. सर्दी झालीय."